व्यायामांतील खाडा



व्यायामाचे फायदे कोणास ठाऊक नाहींत? औंधचे अधिपति भवानराव पंत प्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्कारांचा हिरीरीनें प्रसार केला, त्यास आतां कित्येक वर्षें लोटलीं. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची पाहणी डॉक्टर जेरेमी मॉरिस यांनीं १९५३ सालीं प्रसिद्ध केली. दिवसभर बसून गाडी हांकणाऱ्या चालकांपेक्षां जिने चढउतार करणाऱ्या वाहकांत हृदयविकार कमी, असें तींत आढळलें. तेव्हां उणीव ज्ञानाची नाहीं, टिकून राहण्याची आहे. आमच्या शीवच्या किल्ल्याच्या पायथ्याशीं उद्यान आहे. नववर्षाच्या आरंभीं तेथें दिसणारे पुष्कळ नवे चेहरे संक्रांत उलटली कीं दिसेनासे होतात.

हा सारा आळसच, असें मी म्हणणार नाहीं. पाहुणे येतात, ताप येतो, दोन दिवस खाडा पडतो आणि ‘नेम मोडला’ म्हणून गृहस्थ कायमचे घरीं बसतात. उपवास मोडला तर मोडला, हा न्याय येथें लागू नाहीं. २०१० सालीं लंडनमधील संशोधकांनीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत नवी संवय अंगवळणीं पडावयास सरासरी ६६ दिवस लागले. कोणास १८ पुरले, कोणास अडीचशेंहून अधिक लागतील असा हिशेब निघाला. मात्र एखादा दिवस चुकल्यानें संवय जडण्यांत विशेष अडथळा आला नाहीं.

शाळेंत एक दिवस गैरहजर राहिलेल्या मुलाचें नांव आम्ही पटावरून काढीत नसूं. दुसऱ्या दिवशीं तो आपल्या जागेवर येऊन बसे. तेवढेंच औदार्य आपण स्वतःशीं दाखवावें.

व्यायाम रोजच्या एखाद्या ठरलेल्या कृतीस जोडावा: सकाळचा चहा झाला कीं चपला पायांत. आरंभीं दहा मिनिटें पुरेत. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांस आठवड्यास १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रम सांगितले, पण कांहींच न करण्यापेक्षां थोडें केलेलें बरें, असेंही म्हटलें आहे. पावसाळ्यांत घरांतच चार नमस्कार घालावे. छातींत दुखणें किंवा दम लागणें असेल तर आधीं डॉक्टरांस विचारावें.

आणि घरच्या मंडळींस एक विनंति. खाडा पडला म्हणून टोमणा मारूं नये. ‘उद्यां किती वाजतां उठवूं?’ एवढेंच विचारावें.