बातमीची सनद



२७ नोव्हेंबर २०१८ रोजी महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरण मोहीम सुरू झाली. ९ महिने ते १५ वर्षे वयाच्या मुलामुलींना लस द्यावयाची होती. त्याच आठवड्यात एक पालक माझ्याकडे चिठ्ठी घेऊन आले : 'आमच्या मुलीला सुई टोचू नये.' या लसीमुळे मुलींना पुढे मूल होत नाही, असा संदेश त्यांच्या मोबाइलवर आला होता. पाठवणारा त्यांचाच थोरला मुलगा, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी! 'जशी आपली मर्जी' म्हणून मी चिठ्ठी ठेवून घेतली. पुढे त्या मुलीला गोवर झाला, त्यातून न्यूमोनिया. अल्लाहच्या कृपेने ती वाचली. माझे मौन मात्र मला आजही बोचते.

विद्यार्थी मित्रांनो, अडाण्याची अफवा घरात कोणी मनावर घेत नाही. पण कॉलेजात शिकणारा मुलगा सांगतो म्हटल्यावर आईवडील विश्वास ठेवतात. म्हणून तुमची जबाबदारी मोठी.

तपासाची रीत आपल्याला परकी नाही. हदीस संकलित करणाऱ्या विद्वानांनी प्रत्येक कथनाची सनद पाहिली : सांगणारा कोण, त्याने कोणाकडून ऐकले, तो विश्वासू होता काय? हेच प्रश्न त्या संदेशाला विचारा. लिहिणाऱ्याचे नाव नाही, तारीख नाही. आहे ते फक्त 'एका मोठ्या डॉक्टरांनी सांगितले'!

पण केवळ नाव पाहून भागत नाही. ते विद्वान मतन, म्हणजे मजकूरही पारखीत. १९९८ मध्ये वेकफिल्ड या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या नामांकित नियतकालिकात गोवराची लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवला. आधार अवघ्या १२ मुलांचा! २०१० मध्ये 'लॅन्सेट'ने तो लेख मागे घेतला. तोवर असंख्य आईबापांच्या मनात भीती घर करून बसली होती. छापले गेले म्हणून खरे, असे नव्हे. पुढे इतरांनी पडताळले काय, हेही पाहावे.

आणि सत्य काय? गरोदरपणात रुबेला झाल्यास बाळाला बहिरेपण, मोतीबिंदू, हृदयाचे दोष संभवतात. जी लस या संकटापासून वाचवते, तिच्यावरच वांझपणाचा आळ! २०२२ मध्ये गोवंडीत गोवराची साथ आली आणि मुंबईत मुले दगावली, हे विसरू नका.

पालकहो, शंका विचारण्यात कमीपणा नाही. ती आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना विचारा. विद्यार्थ्यांनो, ग्रंथपालांकडून शोधण्याची रीत शिकून घ्या. आणि सनद नसलेली बातमी आपल्यापाशीच थांबवा.

खुदा हाफिज.