लिबियाचा ध्वज : निम्मा काळा



होमिओपॅथीच्या डॉक्टराने उत्तर आफ्रिकेतल्या लिबियाच्या झेंड्यावर का बोलावे, असे तुम्हाला वाटेल. आमच्याकडे औषध देण्याआधी रोग्याची सगळी हकीकत विचारावी लागते. देशाची हकीकत विचारायची तर मी झेंड्यापासून सुरुवात करतो.

वर लाल, मध्ये काळा, खाली हिरवा. पट्टे तीन, पण सारखे नाहीत. १९५१ च्या राज्यघटनेतच लिहिले आहे की काळा पट्टा उरलेल्या दोघांच्या बेरजेइतका असावा. म्हणजे निम्मा झेंडा काळा. त्यावर पांढरी चंद्रकोर आणि पाच टोकांचा तारा.

आम्हा बेळगावकरांना काळे निशाण म्हटले की १ नोव्हेंबर आठवतो. तिकडे अर्थ वेगळा. देशाच्या पूर्वेकडील सायरेनेका प्रांतात सनुसी या सूफी पंथाचे मोठे वजन होते. १९११ मध्ये इटलीने तुर्कांच्या ताब्यातल्या या मुलुखावर चाल केली, आणि पुढची वीस वर्षे सर्वांत चिवट लढा सनुसींनी दिला. त्यांचे पुढारी ओमर मुख्तार हे कुराण शिकवणारे गृहस्थ. सत्तरीच्या घरात असताना, १६ सप्टेंबर १९३१ रोजी, इटालियनांनी त्यांना सुलूक येथे लोकांदेखत फाशी दिले. दुसऱ्या महायुद्धानंतर सनुसींचे प्रमुख इद्रिस सायरेनेकाचे अमीर झाले, तेव्हा त्यांचे निशाण हेच होते : काळे, वर चंद्रकोर आणि तारा.

२४ डिसेंबर १९५१ रोजी तीन प्रांतांचा मिळून स्वतंत्र लिबिया झाला आणि इद्रिस राजे झाले. ओमर फाइक शन्नीब यांनी नव्या ध्वजाची रचना केली. अमिरांच्या काळ्या निशाणाला वरून लाल आणि खालून हिरवा पट्टा जोडला. लाल फेझान या वाळवंटी प्रांताचा, हिरवा त्रिपोलितानियाचा, असे मानतात. लाल म्हणजे सांडलेले रक्त, काळा म्हणजे इटलीच्या राजवटीतले दिवस, हिरवा म्हणजे समृद्धी, असाही अर्थ लावतात.

आमच्या जैन ध्वजातही मधला पांढरा पट्टा इतरांपेक्षा मोठा असतो. पण तिथले रंग पंथांना वाटून दिलेले नाहीत, ते पंचपरमेष्ठींचे आहेत. त्यामुळे पट्टी घेऊन मोजायला कुणी जात नाही. लिबियात तसे नव्हते. सर्वांत जास्त वस्ती त्रिपोलितानियाची, आणि निम्मा झेंडा सायरेनेकाचा! मला स्वतःला ही रचना एकीची कमी आणि राजघराण्याची जास्त वाटते.

१ सप्टेंबर १९६९ रोजी कर्नल गद्दाफींनी राजाला पदच्युत केले आणि लाल-पांढरा-काळा असा अरब राष्ट्रवादाचा ध्वज आणला. १९७२ मध्ये इजिप्त व सीरियाबरोबरच्या संघराज्यामुळे त्यावर सोनेरी ससाणा आला. नोव्हेंबर १९७७ मध्ये इजिप्तचे सादात इस्रायलशी बोलणी करायला निघाले. गद्दाफी संतापले आणि त्यांनी तो ध्वजच टाकून दिला. त्याजागी आला नुसता हिरवा. ना चिन्ह, ना पट्टा, ना अक्षर. साऱ्या जगात असा एकरंगी राष्ट्रध्वज दुसरा नव्हता. भांडण मिटवायला ही युक्ती वाईट नाही, असे वाटेल. प्रांतच दिसत नाहीत, मग मोजणार काय? पण त्यात ओमर मुख्तारांचे लोकही दिसेनासे झाले. दिसत होती फक्त एका माणसाची मर्जी.

फेब्रुवारी २०११ मध्ये पूर्वेकडच्या बेनगाझीत उठाव झाला आणि रस्त्यावर आला तो राजाच्या काळातला ध्वज. मधे बेचाळीस वर्षे गेलेली. तो हाती घेणाऱ्या कित्येक तरुणांचा जन्मही राजा गेल्यानंतरचा. राजा परत यावा म्हणून ते लढत नव्हते. पश्चिमेकडच्या मिसरातातही, जिथे काळा पट्टा आपला म्हणायचे काही कारण नव्हते, हाच ध्वज घेऊन लोक लढले. तेव्हा पट्टी कुणी काढली नाही. त्याच वर्षी तो पुन्हा राष्ट्रध्वज झाला.

पुढे २०१४ पासून देशात दोन सरकारे झाली, एक त्रिपोलीत, एक पूर्वेला. एप्रिल २०१९ मध्ये पूर्वेच्या फौजा त्रिपोलीवर चालून गेल्या आणि वर्षाहून अधिक काळ शहराच्या वेशीवर लढाई चालली. दोन्ही बाजूंचा राष्ट्रध्वज तोच होता, लाल-काळा-हिरवा.