सूर्याकडे दुर्बिणीने पाहताना



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानमालेत उभा राहिला म्हणजे तो मजुरी आणि बोनस यांवर बोलणार, असे श्रोते धरूनच चालतात. आज आम्ही सूर्यावर बोलणार आहो. विषय वाटतो तितका परका नाही. या भागातून जे लोक कोयता घेऊन साखर कारखान्यांवर जातात, त्यांची पाठ महिनोन् महिने याच सूर्याखाली भाजते; पण त्याचे तोंड कसे आहे हे त्यांतल्या किती जणांनी पाहिले असेल? ग्रहण आले की दारे लावून बसावयाचे, एवढाच आपला त्याच्याशी परिचय.

वास्तविक सूर्याकडे नीट पाहणारी माणसे आपल्याच मुलखात होऊन गेली. 22 जानेवारी 1898 रोजी खग्रास ग्रहण झाले, तेव्हा पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी नायगमवाला यांनी आपली यंत्रे जेऊरला, म्हणजे पुणे-सोलापूर लोहमार्गावरच्या त्या लहानशा गावी, नेऊन मांडली. अमेरिकेतील लिक वेधशाळेच्या कॅम्बेल यांचाही तळ तेथेच पडला होता. त्याच ग्रहणासाठी लॉकियर विजयदुर्गला आले होते. (हेलियमचा शोध याच किल्ल्यावर लागला असे पुष्कळ ठिकाणी सांगतात. ते खरे नव्हे. 1868 साली लॉकियर यांनी आपला वेध इंग्लंडातून घेतला होता.) खग्रास अवस्था उणीपुरी दोन मिनिटांची, आणि तेवढ्यासाठी ही माणसे समुद्र ओलांडून आली. दारे लावणारे आपण आणि समुद्र ओलांडणारे ते, यांत भ्याडपणाचा आणि शौर्याचा प्रश्न नाही. त्यांच्यापाशी साधने होती आणि ती वापरण्याची शिस्त होती.

ती शिस्त काय, ते आता पाहू. दोन नळ्यांची जी साधी दुर्बीण असते तिच्यावर ‘10 × 50’ असे आकडे असतात. दहा म्हणजे दसपट मोठे दिसणार, आणि पन्नास म्हणजे पुढचे भिंग पन्नास मिलिमीटर रुंद. या पन्नास मिलिमीटरांवर पडलेला सगळा प्रकाश डोळ्याकडच्या बाजूने अवघ्या पाच मिलिमीटरांच्या झोतातून बाहेर पडतो. रुंदी दहावा हिस्सा, म्हणजे क्षेत्रफळ शंभरावा हिस्सा. प्रकाश आणि उष्णता शंभरपट दाटतात. म्हणून ग्रहणाचा कागदी चष्मा डोळ्यांवर चढवून कोणी उघड्या दुर्बिणीतून सूर्याकडे पाहील, तर तो चष्मा जळेल आणि पाठोपाठ डोळा जाईल. फिल्टर लावावयाचा तो पुढच्या मोठ्या भिंगांवर, सूर्याच्या बाजूला. मागे कधीही नाही.

आम्हा कामगारवाल्यांना ही गोष्ट चटकन पटते, कारण आमचे निम्मे आयुष्य याच वादात गेले. यंत्राच्या फिरत्या पट्ट्याला जाळी बसवा म्हटले, तर व्यवस्थापक म्हणत, ‘माणसांना सावध राहावयास सांगितले आहे ना!’ धोका जेथून येतो तेथेच अडवावयाचा, की माणसापर्यंत पोचल्यावर? धोकादायक यंत्राला आडोसा घालण्याची आणि डोळे जपण्याची अशी दोन्ही कलमे 1948 च्या कारखाने कायद्यात घातली गेली, ती उगीच नव्हे.

वेल्डिंगच्या खात्यातील माणसांना डोळ्यांत वाळू पडल्यासारखी रात्र काढताना आम्ही पाहिले आहे. ती ठिणगी डोळ्याचा पुढचा पडदा भाजते, आणि तो पडदा ओरडून सांगतो. सूर्य भाजतो तो आतले दृष्टिपटल, आणि त्याला वेदना कळतच नाही. पाहणारा हसतखेळत घरी जातो, आणि कित्येक तासांनी अक्षराच्या मध्यावर डाग दिसू लागतो. असा डाग पुष्कळदा जन्मभर राहतो. काजळी धरलेली काच, क्ष-किरणांची फिल्म, परातीतले हळदीचे पाणी, यांपैकी एकावरही भिस्त ठेवू नये. डोळ्याला अंधार वाटला म्हणजे न दिसणारे उष्ण किरण अडले असे होत नाही. वेल्डिंगची चौदा नंबरची काच नुसत्या डोळ्यांनी पाहण्यास चालते. रोजच्या कामातली दहा-अकरा नंबरची नव्हे, आणि दुर्बिणीच्या मागे धरून तर कोणतीच नव्हे.

दुर्बिणीसाठी खास सूर्याकरिता केलेली, धातूचा मुलामा दिलेली पातळ फिल्म मिळते. ती सुमारे एक लाखांश प्रकाश आत सोडते. तिच्या पुठ्ठ्याच्या दोन टोप्या करून दोन्ही नळ्यांवर घट्ट बसवाव्या आणि वर चिकटपट्टी लावावी. वैशाखातला वारा टोपी उडवावयास वेळ लावीत नाही. फिल्मला सुरकुती पडली तर बिघडत नाही. पण सुईएवढे भोक पडले तर ती फेकून द्यावी. दर खेपेस दिव्यासमोर धरून तपासावी. टोप्या आधी, सूर्य मागाहून. आणि सूर्य शोधताना दुर्बिणीवरून नजर लावू नये. जमिनीवरची तिची सावली सर्वांत आखूड झाली की ती नेमकी सूर्याकडे वळली असे समजावे.

मग दिसते काय? एक शांत, वाटोळी चकती, कडेला किंचित मंद. आणि दैव बरे असेल तर तीवर काळे ठिपके. डोळ्याला जेमतेम सापडणारा ठिपका आपल्या पृथ्वीएवढा असतो, कारण सूर्याच्या रुंदीत एकशे नऊ पृथ्व्या मावतात. ठिपका काळाही नसतो. भोवतालच्या साडेपाच हजार अंशांपुढे तो थंड असतो, इतकेच. रोज एकाच वेळी पाहून वहीत चकती काढली, तर ठिपके सरकताना दिसतात आणि सूर्य स्वतःभोवती फिरतो हे पोराला पुस्तकावाचून पटते. ठिपक्यांची भरती-ओहोटी सुमारे अकरा वर्षांची. सूर्य भरतीच्या टप्प्यात पोचल्याचे ऑक्टोबर 2024 मध्ये जाहीर झाले.

2 ऑगस्ट 2027 रोजी दुपारनंतर आपल्याकडे खंडग्रास ग्रहण आहे. दिवस पावसाळ्याचे; ढग वाट देतील तर देतील. खंडग्रासात सूर्य पूर्ण झाकला जात नाही, म्हणून टोप्या अथपासून इतिपर्यंत काढावयाच्या नाहीत. गावाला एक दुर्बीण पुरते, रांग लावा. मात्र तिच्यापाशी एक जाणता माणूस सतत उभा ठेवा, कारण लहान मुले हातात दुर्बीण आली की पहिल्याने टोपीच काढून पाहतात.