चिठ्ठीवर सुरू झालेली गोळी
(हिंगोलीतील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



संयोजकांनी मला ‘व्यसनमुक्ती’ हा विषय सुचवला होता. मी तो थोडा बदलून मागितला. व्यसनमुक्ती म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दारू येते, गुटखा येतो, आणि समोर बसलेल्या निम्म्या मंडळींना वाटतं, हे काही आपल्यासाठी नाही. आज मला नेमकं त्या निम्म्या मंडळींशी बोलायचं आहे. ज्यांनी जन्मात दारूला हात लावला नाही, ज्यांच्या घरी एकादशी चुकत नाही, पण दुखण्यावरची गोळी पोटात गेल्याशिवाय ज्यांना सकाळी अंथरुणातून उठवत नाही, त्यांच्याशी. ही गोळी त्यांनी चोरून आणलेली नव्हती. डॉक्टरनेच ती चिठ्ठीवर लिहून दिली होती.

आपल्या जिल्ह्यात अंग दुखणं ही काही नवलाची गोष्ट नाही. आत्ता हळदीचा हंगाम चालू आहे. वसमत, औंढा, कळमनुरी, कुठल्याही शिवारात जा. बायामाणसं सकाळपासून उकिडवी बसून गड्डे फोडताना, हळकुंडं वेगळी करताना दिसतील. मग शिजवणं, वाळवणं, पॉलिश, पोती भरून बाजारात नेणं. पावसाळा सरला की सोयाबीन सोंगायचं, कापूस वेचायचा. दिवाळी झाली की कित्येक जोड्या कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, दिवस बुडाला तर खाडा लागतो, आणि उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं असतं. कंबर धरली म्हणून घरी बसण्याची सोय त्यात कुणालाच नाही. गोळी घ्यायची आणि उभं राहायचं. हे दुखणं खरं आहे, त्यावर औषध मागणं हा माणसाचा हक्क आहे, आणि हे मान्य केल्याशिवाय मला पुढचं एकही वाक्य बोलायचं नाही.

पुढे काय होतं ते पाहू. कंबर जास्तच धरते. तालुक्याला जाऊन फोटो काढला जातो. ‘मणक्यात गॅप आहे’, ‘नस दबली आहे’ असं काहीतरी कानावर पडतं. पट्टा मिळतो, आठ-दहा दिवसांच्या गोळ्या मिळतात. गुण येतो. गोळ्या संपतात आणि दुखणं परत येतं. तपासणीची फी, एसटीचं भाडं, बुडालेला रोज, एवढ्याचा हिशोब करून माणूस पुन्हा डॉक्टरकडे जात नाही. रिकामं पाकीट घेऊन तो गावातल्या मेडिकलवर जातो. ‘हीच द्या.’ काही महिन्यांनी तोच म्हणतो, ‘हिच्यानं आता भागत नाही, जास्त पॉवरची द्या.’

आता औषधांची थोडी ओळख करून देतो. दुखण्यावरच्या सगळ्या गोळ्या एका जातीच्या नसतात. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या सूज आणि वेदना कमी करतात. त्या वर्षानुवर्षं घेतल्या तर जठरात जखमा होतात, मूत्रपिंडं खराब होतात. तेही मोठं संकट आहे. पण मेंदूला त्यांची सवय जडत नाही. दुसरी जात अफूच्या गुणधर्माची. अफूतूनच मिळणारं मॉर्फिन, खोकल्याच्या काही औषधांत असणारं कोडीन, आणि कारखान्यात तयार होणारी ट्रामाडॉल, टॅपेन्टाडॉल, पेंटाझोसिन ही औषधं त्या जातीची. शस्त्रक्रियेनंतर, मोठ्या अपघातात, कर्करोगात यांच्यासारखा उपकारकर्ता नाही. पण ती रोज घेत गेलं की काही आठवड्यांतच शरीर त्यांना सरावतं. पहिल्या दिवशी एका गोळीने जे होत होतं त्याला दोन लागतात, मग चार.

इथे एक चकवा आहे, आणि माझ्या मते सगळ्या विषयाचं मर्म त्यात आहे. रोज ट्रामाडॉल घेणाऱ्याने एक दिवस गोळी चुकवली की जांभया सुरू होतात, डोळ्यांतून, नाकातून पाणी येतं, घाम फुटतो, अंगावर काटा येतो, पोटात कळा येऊन जुलाब लागतात, पाय स्वस्थ राहत नाहीत, झोप उडते. आणि सर्वांत वाईट म्हणजे कंबर, मांड्या, सांधे, सगळं अंग पूर्वीपेक्षा जोरात ठणकायला लागतं. माणसाला वाटतं, बघा, आपलं दुखणं अजून गेलेलं नाही, गोळी गरजेचीच आहे. ती घेतली की अर्ध्या-एक तासात सगळं शांत होतं आणि त्याची खात्रीच पटते. वास्तविक त्यातला बराचसा ठणका गोळी उतरल्याचा असतो, मणक्याचा नसतो. ‘मी नशेसाठी थोडीच घेतो’ हे त्याचं म्हणणं अगदी खरं असतं. त्याला नशा येतच नसते. तो फक्त उभं राहता यावं म्हणून घेत असतो. आणि म्हणूनच आपल्याला मदतीची गरज आहे हे त्याच्या लक्षात यायला वर्षं जातात.

दरम्यान शरीरात काय चाललेलं असतं, त्याचा हिशोब मांडून बघा. आपल्याकडे मिळणाऱ्या एका नेहमीच्या जोडगोळीत ३७.५ मिलिग्रॅम ट्रामाडॉल आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. दिवसाला अशा ८ गोळ्यांपलीकडे जायचं नाही असं औषधशास्त्र सांगतं. १२ घेतल्या तर ट्रामाडॉल होतं ४५० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३,९०० मिलिग्रॅम. ट्रामाडॉल एवढं झालं की फिट येऊ शकते, आणि धडधाकट माणूस मोटारसायकलवरून कोसळतो. ४ ग्रॅमच्या काठावरचं पॅरासिटामॉल रोज पोटात गेलं तर यकृताला धोका पोचतो. दारू पिणाऱ्याला तर कितीतरी आधी. या गोळ्यांवर दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेतल्या तर झोपेत श्वास मंदावतो आणि थांबूही शकतो. झोपेसाठी दिली जाणारी अल्प्राझोलामची गोळी मराठवाड्यात ‘बटन’ म्हणून आणि मालेगावकडे ‘कुत्ता गोळी’ म्हणून पोरांच्या हातात फिरते, हे तुम्ही बातम्यांत वाचता. तीच गोळी साध्या नावाने कितीतरी घरांच्या उशाशी, दुखण्याच्या गोळीच्या शेजारी ठेवलेली असते.

हा प्रश्न आपल्या एकट्याचा नाही. २०१९ साली केंद्र सरकारने दिल्लीच्या एम्समार्फत केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल आला. त्यात १० ते ७५ वयोगटातली सुमारे १ टक्का माणसं अफूच्या जातीची औषधं वैद्यकीय गरजेबाहेर वापरतात असं आढळलं; नेमका आकडा ०.९६ टक्के. ही मोजणी अफू आणि हेरॉइन सोडून फक्त औषधांची आहे. अमेरिकेत १९९६ साली ऑक्सिकोडोनची एक गोळी ‘हिची सवय फारशी लागत नाही’ अशा प्रचारासह बाजारात आली. तो प्रचार दिशाभूल करणारा होता, अशी कबुली त्या कंपनीला २००७ साली न्यायालयात द्यावी लागली. तोवर गावंच्या गावं त्या गोळीत अडकली होती. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या एका कंपनीचं नाव जगभर गाजलं, ते पश्चिम आफ्रिकेतल्या देशांना टॅपेन्टाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल यांची मंजुरी नसलेली जोडगोळी पुरवल्याबद्दल. घानामधल्या, नायजेरियातल्या पोरांच्या हातात पडणारी गोळी आपल्या महाराष्ट्रातून जात होती, याचं मला फार दुःख झालं.

कायदा झोपलेला नाही. ट्रामाडॉल २०१४ पासून एच-१ या यादीत आहे. म्हणजे चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही. डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, किती गोळ्या दिल्या हे मेडिकलवाल्याने वेगळ्या वहीत लिहायचं आणि ती वही ३ वर्षं जपायची. २०१८ साली ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. मात्र निव्वळ बंदोबस्ताने हा प्रश्न सुटेल असं मानणाऱ्यांशी माझं जमत नाही. बंदोबस्त आंधळेपणाने केला तर पहिला मार कर्करोगाच्या रुग्णाला बसतो. याच १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यातल्या कडक परवान्यांमुळे आपल्या देशात मरणाऱ्या माणसाला मॉर्फिन मिळणं मुश्कील झालं होतं. ते सुधारायला २०१४ ची दुरुस्ती यावी लागली. आणि ज्याला गोळीची सवय जडली आहे त्याचा पुरवठा एकाएकी तुटला, तर तो दुसरं काहीतरी, त्याहून घातक, शोधतो.

म्हणून मुख्य गोष्ट उरते ती मदत मागण्याची. पहिलं सांगणं: आज इथून घरी जाऊन गोळ्या एकदम बंद करू नका. ट्रामाडॉल एकाएकी सोडलं तर हाल होतात; अल्प्राझोलाम एकाएकी सोडलं तर फिट येऊन जीव जाऊ शकतो. डॉक्टरकडे जा, पण या वेळी कंबरेची तक्रार घेऊन जाऊ नका. पाकीट टेबलावर ठेवा आणि सरळ सांगा: ‘डॉक्टरसाहेब, ही गोळी मी एवढ्या वर्षांपासून घेतो, दिवसाला एवढ्या लागतात, शेवटची अमुक वाजता घेतली, आणि मला आता ती सोडता येत नाही.’ खरा आकडा सांगा. आठ घेत असताना लाजून तीन सांगितल्या तर उपचाराचं सगळं गणित चुकतं.

डॉक्टर काय करतात? कधी त्याच गोळीचा डोस काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने उतरवतात. सवय खोलवर गेली असेल तर मनोविकारतज्ज्ञ जिभेखाली विरघळणारी बुप्रेनॉर्फिनची गोळी देतात. तिच्याने अंग ठणकणं, तळमळ थांबते, माणूस कामावर जाऊ शकतो, आणि मग ती सावकाश कमी केली जाते. कुणाला ती काही महिने लागते, कुणाला काही वर्षं. ‘एक गोळी सोडून दुसरी धरली’ असं नातेवाईक म्हणतात. मधुमेहाच्या माणसाला आपण असं म्हणत नाही. आणि सोबतीने मूळ दुखण्यावर इलाज हवाच: व्यायाम, शेक, बसण्याउठण्याच्या पद्धतीत बदल, गरज असेल तर वेगळ्या जातीची औषधं. तो न करता नुसती गोळी काढून घेतली तर माणूस परत तिच्याकडे जाणारच. तसा तो गेला, तर पूर्वीचाच डोस एकदम घेणं प्राणघातक असतं, कारण मधल्या काळात शरीराचा सराव मोडलेला असतो. हे घरच्यांनीही लक्षात ठेवायला हवं.

महाराष्ट्रात या कामाची मोठी परंपरा आहे. २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, त्यामागे पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचा आर्थिक आधार होता. तेव्हा तिथे येणारी तरुण मुलं गर्दच्या, म्हणजे याच अफूच्या जातीतल्या ब्राउन शुगरच्या, विळख्यातली होती. माणसाला गुन्हेगार न समजता रुग्ण समजायचं आणि घरच्यांनाही उपचारात ओढून घ्यायचं, हे त्यांनी करून दाखवलं. पुढे मुक्तांगणने बायकांसाठी ‘निशिगंध’ हे वेगळं केंद्र काढलं. हे मी मुद्दाम सांगतो. आपल्याकडे गोळीत अडकलेल्यांमध्ये बायका आहेत, आणि बाई व्यसनमुक्ती केंद्रात गेली तर गाव काय म्हणेल या धास्तीने घर तिला लपवतं.

पुष्कळांना पोलिसांचीही भीती वाटते. अमली पदार्थांच्या कायद्याचं कलम ६४-अ सांगतं की सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला माणूस स्वतःहून सरकारी वा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेईल आणि तो पूर्ण करेल, तर त्याच्यावर खटला चालणार नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने व्यसनाला आजारात धरलं आहे आणि तुमची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क तुम्हाला दिला आहे.

आणि पुण्यालाच जायला हवं असं नाही. आपला जिल्हा प्रेरणा प्रकल्पातल्या १४ जिल्ह्यांपैकी एक आहे, त्यामुळे शेतकऱ्याच्या मनाच्या आजारासाठी आशाताईंपासून जिल्हा रुग्णालयापर्यंत एक साखळी उभी राहिलेली आहे. २०२४ पासून हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि नांदेडला विष्णुपुरीचं जुनं महाविद्यालय आहे. डॉक्टर मंडळींना माझी विनंती आहे: ट्रामाडॉल लिहिताना ते कधी थांबवायचं हेही त्याच चिठ्ठीवर लिहा. मेडिकलवाल्या बांधवांना विनंती: रिकामं पाकीट घेऊन कुणी तिसऱ्यांदा आलं तर त्याला हाकलू नका, गोळ्याही देऊ नका, दवाखान्याचा रस्ता दाखवा. आणि ज्यांना हे सगळं ऐकताना आपल्याच घरातलं वाटलं, त्यांनी दोन नंबर लिहून घ्या. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, आणि मनाच्या आजारासाठी टेलिमानस १४४१६. दोन्ही फोनना पैसे पडत नाहीत, आणि टेलिमानसवर मराठीत बोलता येतं. उद्या सकाळी पुढची गोळी घ्यायच्या आधी यांतला एक फोन लावा.