शिखर कळसूबाईचं, बळ तुमचं

येत्या रविवारी आमच्या बचत गटातल्या अकरा जणी कळसूबाई चढणार आहेत. अकोले तालुक्यातलं हे शिखर १,६४६ मीटर उंच, महाराष्ट्रात सर्वांत उंच. बारी गावातून वाट, मध्ये लोखंडी शिड्या आणि माथ्यावर देवीचं छोटंसं देऊळ.

निघण्याआधी तुमचे आभार मानायचे आहेत. कर्करोगाच्या उपचारांसाठी आपल्याकडच्या कितीतरी बायकांना मुंबईला, परळच्या टाटा हॉस्पिटलला जावं लागतं. उपचारांना सरकारी योजनेचा आधार मिळतो. पण गाडीभाडं, राहणं-खाणं आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी घरावरच पडते. मग पुढची तारीख चुकते. या चढाईच्या निमित्ताने जमलेला सगळा निधी त्या प्रवासासाठी आहे. आमचं भाडं आम्ही आमच्या खिशातून भरलंय.

मासळी बाजारातल्या मावशींनी दर टोपलीमागे दहा रुपये बाजूला काढले. काजू कारखान्यातल्या मुलींनी एका दिवसाची मजुरी दिली. गुडघे साथ देत नाहीत अशा एका आजींनी वाटेत सरबताला कोकम आगळ पाठवलं. घरच्यांनी दोन दिवस चूल आणि गुरं सांभाळायचं कबूल केलं, तीही देणगीच.

प्रत्येकीचं नाव वहीत लिहिलंय, पुढच्या बैठकीत हिशेबासकट वाचून दाखवू.

आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणाची तारीख पैशांवाचून अडली असेल, तर संकोच करू नका. गटाकडे या. हे पैसे तुमच्यासाठीच आहेत.

येते मी.