जहाजावरचा वाद्यवृंद



संगीतावरची व्याख्याने आपण पुष्कळ ऐकली असतील. पण ती बहुधा बैठकीतल्या संगीतावर. आज ज्या संगीताविषयी मला बोलायचे आहे, त्याची बैठक स्थिर नसते. खाली पाणी, भोवती पाणी, समोर बसलेला श्रोता निम्मा वेळ बशीकडे पाहतो आहे, आणि लाट मोठी आली की वादकाला गजाबरोबर स्वतःचा तोलही सांभाळावा लागतो. प्रवासी जहाजांवर करमणूक म्हणून वाजविले जाणारे पाश्चात्त्य अभिजात संगीत, हा माझा विषय. विषय चैनीचा दिसतो. पण ही चैन ज्यांच्या बोटांवर उभी असते, ती माणसे जहाजावर नेमकी कोण म्हणून राहतात, हे विचारू लागलो की तो इतका चैनीचा उरत नाही.

पाण्यावरच्या मैफलीचे सर्वांत गाजलेले उदाहरण 1717 सालचे. जुलै महिन्याच्या 17 तारखेला इंग्लंडचा राजा पहिला जॉर्ज टेम्स नदीतून नौकाविहाराला निघाला. त्याच्या नौकेशेजारून दुसरी एक नौका चालली होती. तीत सुमारे पन्नास वादक बसले होते, आणि ते वाजवीत होते हॅंडेलने रचलेले संगीत, जे पुढे 'वॉटर म्यूझिक' या नावाने प्रसिद्ध झाले. राजाला ते इतके आवडले की त्याने ते तीनदा वाजवून घेतले. वादकांवर दीडशे पौंड खर्च झाले, आणि तो राजाच्या मर्जीतल्या एका सरदाराने सोसला. वन्समोअरची फर्माईश राजाची आणि बिल दुसऱ्याच्या नावे, हा प्रकार आपल्याकडच्या नाटक कंपन्यांनाही अपरिचित नव्हता! असो. मला त्यातली एवढीच गोष्ट लक्षात आणून द्यायची आहे की, वादकांची नौका वेगळी होती. ऐकणारे एका नावेत, वाजविणारे दुसऱ्या नावेत.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अटलांटिक ओलांडणाऱ्या मोठ्या आगबोटी आल्या आणि दोघेही एकाच बोटीत बसले. इंग्लंडहून न्यूयॉर्कला पोचायला पाच-सहा दिवस लागत. डोंगर नाही, स्टेशन नाही, खिडकीबाहेर पाहावे तर कालचेच पाणी आजही. तेव्हा पहिल्या वर्गाच्या उतारूला आपण समुद्रावर आहोत याचाच विसर पाडायचा, अशी कंपन्यांची अटीतटीची चढाओढ सुरू झाली. जिन्यांना कोरीव कठडे आले, ताडाच्या कुंड्या आल्या, आणि त्या कुंड्यांच्या मागे वादक आले. जर्मन जहाजांवर वाढप्यांनाच वाद्ये शिकवून त्यांचा बँड करण्याची काटकसरी पद्धत होती. सकाळी ताटे, संध्याकाळी तुतारी. इंग्रज कंपन्या मात्र धंदेवाईक वादक घेत.

आता 'टायटॅनिक'कडे येतो. ही कथा चित्रपटामुळे आपल्याला ठाऊक आहे, पण ठाऊक आहे तो तिचा शेवटचा अंक. पहिले अंक कोणी सांगत नाही.

टायटॅनिकवर आठ वादक होते. वॅलेस हार्टली हा 33 वर्षांचा व्हायोलिनवादक त्यांचा प्रमुख. पाच जणांचा एक मेळ आणि तिघांचा दुसरा: व्हायोलिन, चेलो व पियानो. तिघांचा मेळ खास उपाहारगृहाजवळ वाजवी, पाच जणांचा इतरत्र. कंपनीचे एक सूचिपुस्तक होते; त्यात 352 चिजांची नावे क्रमांकांसह छापलेली. ऑपेरातील निवडक भाग, ओव्हर्चर, वॉल्ट्झ, धर्मगीते, त्या काळी नवे असलेले रॅगटाइम, सगळे त्यात. उतारूने नुसता आकडा सांगावा आणि वादकांनी ती चीज वाजवावी, अशी अपेक्षा. आपल्याकडे श्रोता 'बुवा, मारवा होऊन जाऊ द्या' म्हणतो, त्यात निदान रागाचे नाव तरी घेतो, इथे आकडा. भोजनगृहातल्या वाढप्याला पदार्थाचा आणि वादकाला चिजेचा! पण आकड्याने मागितलेली चीज उत्तम वाजत नव्हती असे मात्र समजू नका. एरवी पैशाला जपणाऱ्या कंपन्यांना या वादकांचा केवढा अभिमान होता, हे त्यांच्या जाहिरातींवरून दिसते.

अभिमान होता, तर पगार काय होता? 1912 पूर्वी अशा वादकाला महिना साधारण साडेसहा पौंड आणि वर गणवेशासाठी दहा शिलिंग मिळत. मग लिव्हरपूलच्या ब्लॅक नावाच्या एका आडत्याने बड्या जहाज कंपन्यांशी करार केले: वादक पुरविण्याचा मक्ता आमचा. मक्ता हाती येताच पगार चार पौंडांवर आला आणि गणवेशाचा भत्ता बंद झाला. ज्याला पटत नसेल त्याने किनाऱ्यावर राहावे. शिवाय आणखी एक बदल झाला. हे वादक आता जहाज कंपनीचे नोकर राहिले नाहीत. टायटॅनिकच्या खलाशांच्या यादीत त्यांची नावे नव्हती. ती होती दुसऱ्या वर्गाच्या उतारूंच्या यादीत. आठही जण एकाच तिकिटावर.

1912 च्या एप्रिलच्या 14 तारखेला रात्री जहाज हिमनगावर आदळले आणि 15 च्या पहाटे बुडाले. होड्या उतरत असताना हे आठ जण वाजवीत होते, याविषयी वाचलेल्या अनेकांच्या साक्षी जुळतात. शेवटी त्यांनी काय वाजविले, याविषयी मात्र जुळत नाहीत. कोणी एका स्तोत्राचे नाव घेतले, बिनतारी संदेशवाहकाने 'ऑटम' असे सांगितले. लोक आजही त्यावर वाद घालतात. मला तो वाद फारसा महत्त्वाचा वाटत नाही. आठांतला एकही वाचला नाही, हे मात्र निर्विवाद.

त्यानंतर पंधरवड्याने, 30 एप्रिलला, जॉक ह्यूम या 21 वर्षांच्या व्हायोलिनवादकाच्या वडिलांना आडत्याच्या कचेरीतून पत्र गेले. आपल्या मुलाकडे पाच शिलिंग चार पेन्स येणे आहे ते पाठवावे, आणि सोबत गणवेशाचे बिल जोडले आहे तेही भागवावे. बिलात कोटाच्या कॉलरवर लावायच्या लायर वाद्याच्या चिन्हाचे पैसे होते, कंपनीची बटणे शिवल्याचेही होते. वादकांच्या संघटनेने ते पत्र छापले म्हणून आज ते आपल्यापुढे आहे.

कुटुंबांनी भरपाई मागितली तेव्हा जहाज कंपनी म्हणाली, ते आमचे नोकर नव्हेत, उतारू होते. आडत्याने विमा कंपनीकडे बोट दाखविले. विमा कंपनी म्हणाली, हे कामगार या व्याख्येत बसत नाहीत. न्यायालयातही कुटुंबांच्या पदरी काही पडले नाही. अखेर लोकवर्गणीच्या मदतनिधीने त्यांना खलाशांच्या कुटुंबांप्रमाणे धरले. आणि याच सुमारास, 24 मे रोजी, लंडनच्या रॉयल ॲल्बर्ट हॉलमध्ये सुमारे पाचशे वादकांनी एकत्र येऊन श्रद्धांजलीची मैफल केली. एल्गार, हेन्री वुड, बीचम यांच्यासारखे संचालक तीत उभे राहिले. हार्टलीचे म्हणून ओळखले जाणारे व्हायोलिन 2013 साली लिलावात नऊ लाख पौंडांना गेले. महिना चार पौंडांच्या हिशेबाने ही किती वर्षांची कमाई, हे गणित मी आपल्यावर सोपवितो.

येथे कोणी म्हणेल, हे सारे विलायतेचे. पण समुद्रावरच्या नोकरीचा धागा आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. त्यातून तयार झालेले वादक मुंबईची हॉटेले, मूकपटांची थिएटरे, पुढे चित्रपटांचे वाद्यवृंद आणि बोटी, जिथे चार पैसे मिळतील तिथे गेले. बोटीवर जाणाऱ्याला कोकणीत 'तारवटी' म्हणतात. धोबीतलावच्या बाजूला गावोगावच्या लोकांनी चालविलेल्या 'कुडी' होत्या. दोन नोकऱ्यांच्या मध्ये तारवटी तिथे ट्रंक ठेवून राहत.

आता वाद्यांविषयी थोडे. आपल्याकडे पावसाळ्यात तंबोरा कसा छळतो हे गवयांना विचारा. समुद्रावर तो पावसाळा बारमाही. दमट हवेने लाकूड फुगते, वातानुकूलित दिवाणखान्यात ते आखडते, सरसाचे सांधे सुटू पाहतात. पियानो जमिनीला जखडून ठेवावा लागतो. चेलोचा टोकदार पाय गुळगुळीत फरशीवर घसरतो, आणि जहाज डोलू लागले की लय इंजिनाची की आपली, असा प्रश्न पडतो. त्यामुळे पुष्कळ वादक आपले चांगले वाद्य घरी ठेवून दुय्यम वाद्य बोटीवर नेतात. मला हे समजते. पण चांगले वाद्य घरी ठेवले की त्याबरोबर थोडे मनही घरी राहत असावे.

जहाजावर संगीत हेच मुख्य पक्वान्न असावे, अशी कल्पना फ्रेंचांनी केली. गेल्या शतकाच्या साठाव्या दशकाच्या अखेरीस पाके कंपनीने समुद्रावरचा संगीत महोत्सव सुरू केला, आणि तो पुढे 'मेर्मोझ' जहाजावर बरीच वर्षे भरला. रोस्त्रोपोविचसारखा चेलोवादक तिथे प्रवाशांत मिसळून राही. रात्री ज्याचे वादन ऐकले त्यालाच सकाळी चहा पिताना पाहावे, हा लाभ मैफलीला जाणाऱ्याला क्वचितच मिळतो. हे जहाज पुढे विकले गेले, नाव बदलले, आणि 2008 साली आपल्या गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर तोडायला आले.

आज मोठ्या जहाजांवर हजारो प्रवासी असतात. नाचगाणी, जादूगार, जलक्रीडा यांच्या गर्दीत कोठेतरी एका कोपऱ्यात चौघांचा तंतुवाद्यमेळ चहाच्या वेळी वाजवितो. पाऊण तास वादन, थोडी विश्रांती, पुन्हा पाऊण तास, महिनोन् महिने. त्यांना ऐकते कोण? लग्नात सनईवाल्याला ऐकते कोण, असे मी उलट विचारीन. मंडप भरलेला असतो, बोलणी चाललेली असतात, आणि दारात बसलेला तो माणूस कोणासाठी वाजवितो हे त्यालाच ठाऊक. पण सनई थांबली की मात्र सगळ्यांना कळते. टेलेमानने तर 1733 साली पंक्तीत वाजवायचे संगीत म्हणूनच मोठा संग्रह छापला. तेव्हा जेवताना वाजविलेले संगीत हलके, हा समज मी मानीत नाही. हलकी असते ती बहुधा त्याची बिदागी.

आणि तो जुना प्रश्न, वादक कोण? 2006 साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सागरी कामगारांसाठी एक करार केला. तो 2013 साली अमलात आला आणि 2015 साली भारताने त्याला मान्यता दिली. त्यात खलाशाची व्याख्या अशी आहे की, जहाजावर कोणत्याही नात्याने काम करणारा तो खलाशी. म्हणजे महिनोन् महिने बोटीवर राहून वाजविणाऱ्याला कामाचे तास, विश्रांती, आजारपण, घरी परत पोचविण्याचा खर्च, यांवर हक्क सांगता येतो. चार रात्रींपुरता चढणारा पाहुणा कलावंत मात्र त्या व्याख्येबाहेर ठेवता येतो. तो कामावर असतो, पण प्रवास पाहुण्याप्रमाणे करतो. त्याचे नाव कोणत्या यादीत लिहायचे, हे अजून प्रत्येक करारपत्रात पाहावे लागते.

माझी वेळ संपली आहे. अध्यक्षांनी अनुज्ञा दिली तर कोणाचे प्रश्न असल्यास घेईन.