डोळ्यांपुढचं रूप
(शताब्दी सोहळ्यातील भाषण)





दिंडीला शंभर वर्षे झाली. लोक आम्हाला विचारतात, एवढं चालायचं बळ येतं कुठून? त्यावर थोडं बोलतो.

पुणे ते सासवड हा माउलींच्या वाटेवरचा सर्वांत लांब टप्पा. त्यात एकादशीचा उपवास. वडकीचा विसावा झाला की दिवे घाट. तिथे रथालाही जादा बैलजोड्या लावतात, मग माणसाची काय कथा? पहिल्या वारीत आम्ही तिघे-चौघे घाटाच्या पायथ्याशी मटकन खाली बसलो. ट्रकात बसायचं ठरतच होतं. तेवढ्यात डोक्यावर तुळस घेतलेली एक आजी थांबली.

"वर कशाला बघताय रं? घाट बघितला की घाटच दिसतो. पहिल्या वळणापातूर नुसती इटंवरची पावलं डोळ्यांपुढं धरा. मग कमरंवरचं हात. मग तुळशीची माळ. मुख दिसाया लागलं की घाट सरला म्हणा."

तसंच केलं. पाय दुखतच होते. पण 'किती उरलं?' असं पुन्हा कुणी विचारलं नाही. भजनात रूपाचे अभंग आधी का घेतात, ते त्या दिवशी उमगलं.

वेळापूरच्या अलीकडे आपण धावा करतो. तिथून तुकोबांना कळस दिसला आणि ते धावत सुटले, असं सांगतात. पंढरी तिथून अजून काही मुक्काम लांब. तरी आपले सत्तरीचे म्हातारेही पळतात, कारण कळस मनात दिसतो.

दिंडीतला एक तरुण 42 किलोमीटरची मॅरेथॉन पळतो. तोही सगळं अंतर मनात घेत नाही. पुढचं वळण आणि शेवटची रेघ डोळ्यांपुढे ठेवतो. पण त्याचा रोजचा सराव असतो. आपणही अकरा महिने घरी ध्यान केलं नाही, तर घाटात रूप ऐनवेळी कुठून यावं?

आणि चक्कर आली तर मुकाट्याने गाडीत बसावं. त्यात कमीपणा नाही.

त्या आजीचे पुढे गुडघे गेले. वारीच्या दिवसांत ती ओट्यावर बसून बोटं मोजायची, "आज लोणंद, आता तरडगाव, मग फलटण." आम्ही प्रसाद घेऊन गेलो, तर म्हणाली, "मी पोचले की तुमच्या आधी!"

रामकृष्ण हरी.